रोबॉटच्या थव्यावरचा प्रयोग: प्रश्नापासून निष्कर्षापर्यंतचा क्रम

थव्याच्या रोबॉटिक्सवरचे, म्हणजे अनेक साधे रोबॉट नेत्याशिवाय एकत्र काम करतात अशा विषयावरचे, बरेच प्रकल्प एकाच जागी येऊन अडकतात. रोबॉट तयार असतात, एकमेकांना संदेश पाठवतात, सगळे मिळून काहीतरी करतानाही दिसतात. मग कोणीतरी विचारतं, "हे एकत्र वागणं त्यांच्या आपसातल्या संवादामुळे घडलं, की भिंतीमुळे, की योगायोगाने?" याचं उत्तर देता येईल असा डेटा गोळाच केलेला नसतो. पुन्हा सुरुवात करायला वेळ नसतो, आणि सगळं काम एका व्हिडिओपुरतं उरतं.

अशा प्रकल्पांत कोड सहसा ठीकच असतो. कामाचा क्रम चुकलेला असतो: आधी हार्डवेअर, मग नियम, मग जमेल तसं मोजमाप. खाली जवळजवळ उलटा क्रम दिला आहे. आधी प्रश्न आणि मोजमाप, मग तुलनेचे प्रयोग, मग कागदावरचा हिशेब, नियम, सिम्युलेशन, आणि त्यानंतर पूर्ण थवा.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. २ मीटर × २ मीटरचं रिंगण, चाकांवर चालणारे २० रोबॉट, प्रत्येकाचा व्यास १२ सेंमी आणि वेग सेकंदाला १० सेंमी. कोणीही नेता नसताना सगळ्यांनी एकाच दिशेने चालू लागावं, हे उद्दिष्ट.

## तयारी: कागदावर काय असायला हवं

या विषयात इंजिनिअर, भौतिकशास्त्रज्ञ आणि प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक एकत्र काम करतात. पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी लेखी ठरवा: "शेजारी" कोणाला म्हणायचं, "घनता" कशी मोजायची आणि फेरी (प्रयोगाची एक खेप) "यशस्वी" कधी मानायची.

हे वाटतं त्यापेक्षा फार महत्त्वाचं आहे. रोममधल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांवरचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडे लक्ष ठेवतो, मग ते किती का लांब असेनात. रोबॉटचा इन्फ्रारेड सेन्सर मात्र अंतरावर चालतो; पल्ल्यात जो येईल तो शेजारी. थवा विरळ झाला की पहिल्या व्याख्येत शेजारी तितकेच राहतात, दुसऱ्या व्याख्येत शून्यावर येतात. गटातल्या एकाच्या मनात पहिली व्याख्या आणि दुसऱ्याच्या कोडमध्ये दुसरी असेल, तर निकाल कधीच जुळणार नाहीत आणि का जुळत नाहीत हेही कळणार नाही.

नोंदवहीचा नमुनाही आत्ताच बनवा. प्रत्येक फेरीसाठी कोडची आवृत्ती, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्यापासून सुरू होते तो आकडा), कोणते रोबॉट (क्रमांकासह), बॅटरीचं व्होल्टेज आधी आणि नंतर, सगळे पॅरामीटर (पल्ला, वेग असे ठरवलेले आकडे), सुरुवातीची मांडणी आणि वेळ. नंतर आठवून लिहिलेली नोंद विश्वासार्ह नसते.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"रोबॉट थव्याने चालतील का?" या प्रश्नावर प्रयोग उभा राहत नाही. "संवादाचा पल्ला ३० सेंमीवरून ६० सेंमी केला, तर १० मिनिटांत एकदिशा साधणाऱ्या फेऱ्यांचं प्रमाण वाढतं का?" यावर राहतो.

तपासणी: कोणता निकाल आला तर तुम्ही "नाही, वाढत नाही" असं लिहाल? हे सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: मोजमापाचा प्रोग्राम सगळ्यात आधी लिहा

एकाच दिशेने चालण्याचं प्रचलित माप सोपं आहे. प्रत्येक रोबॉटची दिशा म्हणजे एकक लांबीचा बाण. सगळे बाण एकापुढे एक जोडा आणि येणाऱ्या एकूण बाणाच्या लांबीला रोबॉटांच्या संख्येने भागा. सगळे एकाच दिशेला असतील तर उत्तर १, सगळ्या दिशा एकमेकींना रद्द करत असतील तर ०. व्हिचेक आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या मॉडेलपासून (त्यात प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेने, थोड्या यादृच्छिक चुकीसह, चालतो) हे ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे सुव्यवस्थेचं माप, म्हणून वापरलं जातं.

यात तीन खड्डे आहेत.

पहिला, योगायोगाचा. दिशा पूर्णपणे यादृच्छिक असल्या तरी उत्तर शून्य येत नाही. ते सरासरीने ०.८८६ भागिले संख्येचं वर्गमूळ इतकं येतं. १० रोबॉटांसाठी ०.२८, २० साठी ०.२०, १०० साठी ०.०९. म्हणजे १० रोबॉटांनी ०.२५ दिलं तर त्यात काहीही घडलेलं नाही. छोट्या थव्यांवरच्या अहवालांत "अंशतः समन्वय दिसला" असं वाचलं की हा आकडा आधी काढून बघावा.

दुसरा, कोनांच्या सरासरीचा. ३५० अंश आणि १० अंश यांची सरासरी १८० नाही, ० आहे. कोन कधीही थेट बेरीज करून भागू नका. साइन आणि कोसाइन घटकांची सरासरी काढा आणि मग परत कोन काढा. ही चूक इतकी शांतपणे होते की आलेख पाहूनही संशय येत नाही.

तिसरा, एकाच आकड्यावर विसंबण्याचा. निम्मे रोबॉट पूर्वेला आणि निम्मे पश्चिमेला निघाले तरी ०, सगळे मिळून गोल गोल फिरत असले तरी ०, आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने भरकटत असला तरी ० च्या आसपासच. तीन वेगळ्या अवस्था, आकडा एकच. म्हणून थव्याच्या मध्याभोवतीचं फिरणं मोजणारं दुसरं माप आणि वेगवेगळ्या गटांची संख्या हे तिसरं, दोन्ही सोबत ठेवा.

तपासणी: प्रोग्रामला बनावट डेटा द्या. सगळे एका दिशेला: १ यायला हवं. २० यादृच्छिक दिशा, हजार वेळा: सरासरी ०.२० च्या जवळ. निम्मे विरुद्ध: ०. हे जुळेपर्यंत खऱ्या डेटाला हात लावू नका.

## टप्पा ३: तुलनेचे प्रयोग ठरवा

माझ्या मते संपूर्ण कामाचं वजन या टप्प्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो तोही हाच. परस्परसंवाद तोडल्यावर जे वर्तन नाहीसं होतं, त्याबद्दलच "संवादामुळे घडलं" असं म्हणता येतं. तोडूनच पाहिलं नसेल तर तसं म्हणायचा आधार नाही.

किमान तीन तुलना हव्यात.

अ) संवाद बंद. तेच रोबॉट, तेच रिंगण, तोच वेळ. फक्त संदेश पाठवणं आणि ऐकणं बंद.

आ) संवाद चालू, पण मजकूर निरर्थक. प्रत्येक रोबॉट संदेश पाठवतो आणि वाचतो, पण आत लिहिलेली दिशा यादृच्छिक असते. संवाद बंद केला की मजकुराबरोबर इतरही बरंच बदलतं: संदेश वाचताना लागणारा वेळ, वळण्यातला उशीर, बॅटरीचा खर्च. हे सगळं तसंच ठेवून फक्त माहिती काढून घेण्याचा हा मार्ग आहे. मुख्य प्रयोगाची तुलना याच्याशी करा, "अ" शी नव्हे.

इ) एकेकटा रोबॉट. एकाच रोबॉटला रिंगणात पूर्ण वेळ सोडा आणि असे २० मार्ग नोंदवा. नंतर ते संगणकावर एकत्र मांडून तेच माप काढा. भिंतींचा आणि जमिनीच्या उताराचा परिणाम इथे उघडा पडतो, कारण यात रोबॉटांच्या टकरीसुद्धा नाहीत.

टकरींना कमी लेखू नका. लांबट आकाराच्या वस्तू नुसत्या एकमेकींवर आदळूनही समांतर होऊ लागतात. शिवाय सामूहिक परिणाम दिसला म्हणून थेट संवाद झालाच असेल असंही नाही. बेकर्स, हॉलंड आणि देनेबूर यांच्या १९९४ च्या प्रयोगात रोबॉटांनी विखुरलेल्या चकत्या ढकलत एका ढिगात आणल्या. त्यांच्यात आपसात संदेशांची देवाणघेवाण अजिबात नव्हती. एकाने हलवलेली चकती हाच दुसऱ्यासाठी संकेत होता.

इशारा: तुलनेच्या फेऱ्या "वेळ उरला तर शेवटी" असं ठेवू नका. त्या मुख्य फेऱ्यांमध्ये मिसळूनच घ्यायच्या आहेत. कारण टप्पा ७ मध्ये.

## टप्पा ४: पल्ला आणि घनता यांचा हिशेब

एका रोबॉटला सरासरी किती शेजारी मिळतील? बाकीच्या रोबॉटांची घनता गुणिले पल्ल्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात १९ भागिले ४ म्हणजे दर चौरस मीटरला ४.७५, आणि ३० सेंमी पल्ल्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. गुणाकार सुमारे १.३.

सपाट पृष्ठभागावर यादृच्छिक विखुरलेल्या बिंदूंचं एकसंध जाळं बनायला सरासरी साधारण ४.५ शेजारी लागतात. १.३ वर थवा नसतो, दोघा-तिघांचे सुटे पुंजके असतात. इथे पल्ला ५५ सेंमीच्या आसपास न्यावा लागेल. प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच, कारण भिंतीजवळच्या रोबॉटांना अर्ध्या बाजूला शेजारीच नसतात आणि मधे आलेला रोबॉट इन्फ्रारेड अडवतो. रोबॉट फिरते असल्यामुळे पुंजक्यापुंजक्यांतून माहिती हळूहळू पसरू शकते, पण मग १० मिनिटांची फेरी पुरणार नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. १२ सेंमी व्यासाचे २० रोबॉट या रिंगणाची जेमतेम ६ टक्के जागा व्यापतात. तिथेच १०० ठेवले तर २८ टक्के, आणि त्यांचा बहुतेक वेळ टक्कर टाळण्यातच जाईल.

इशारा: "रोबॉटांची संख्या वाढवून पाहू" असं ठरवाल तेव्हा रिंगण तेवढंच ठेवायचं की घनता तेवढीच ठेवायची, हे लिहून ठेवा. हे दोन वेगळे प्रयोग आहेत.

## टप्पा ५: नियम कमीत कमी ठेवा

क्रेग रेनॉल्ड्सच्या १९८७ च्या मॉडेलात तीन नियम होते: फार जवळ जाऊ नका, शेजारी ज्या दिशेने चालले आहेत त्या दिशेने वळा, शेजाऱ्यांच्या मध्याकडे सरका. बहुतेक जण तिन्ही एकदम घालतात, आणि मग काय कशामुळे घडलं ते सुटं करता येत नाही. टक्कर टाळणं आणि दिशा जुळवणं एवढ्यावर सुरू करा. तिसरा नियम गरज सिद्ध झाल्यावरच.

नियम निवडताना सेन्सरकडे बघा. किलोबॉट हा ३३ मिलिमीटर व्यासाचा लोकप्रिय छोटा रोबॉट शेजाऱ्याचं अंतर ओळखतो, पण शेजारी कोणत्या दिशेला आहे किंवा स्वतःचं तोंड कुठे आहे हे त्याला थेट कळत नाही. दिशा जुळवण्याचा नियम त्याच्यावर जसाच्या तसा बसवता येणार नाही.

तपासणी: कोडमधली प्रत्येक ओळ वाचून विचारा: ही माहिती रोबॉटला स्वतःच्या सेन्सरमधून मिळते का? छतावरच्या कॅमेऱ्याने पाठवलेलं स्थान, सगळ्यांना समान असलेलं घड्याळ, चुंबकीय होकायंत्र, ही सर्व सामाईक माहिती आहे. वापरायला बंदी नाही, पण वापरली तर अहवालात स्पष्ट लिहा.

## टप्पा ६: सिम्युलेशन, दोन पायऱ्यांत

आधी रोबॉटांना नुसते बिंदू मानून छोटा प्रोग्राम लिहा. त्यात पॅरामीटरचे हजारो संच झटपट तपासता येतात. मग उरलेले मोजके संच आर्गॉससारख्या, थव्यांसाठीच बनवलेल्या सिम्युलेटरमध्ये न्या, जिथे आकार, टकरी आणि सेन्सर असतात.

दुसऱ्या पायरीच्या आधी दोन-तीन खरे रोबॉट हाताशी हवेत, फक्त नॉइज, म्हणजे सेन्सरच्या वाचनांतली यादृच्छिक चूक, मोजण्यासाठी. ५ सेंमीपासून ६० सेंमीपर्यंतच्या अंतरांवर, वेगवेगळ्या कोनांत, प्रत्येक जागी शंभरेक वाचनं घ्या. किती संदेश हरवतात आणि सेन्सरपासून चाकापर्यंत किती उशीर होतो तेही मोजा. जाकोबी, हज्बंड्स आणि हार्वी यांनी १९९५ मध्ये दाखवलं की सिम्युलेशनमधला नॉइज खऱ्यापेक्षा फार कमी असला तरी आणि फार जास्त असला तरी, दोन्हीकडे प्रत्यक्ष वर्तन वेगळं पडतं. अंदाजाने "थोडा नॉइज" घालणं म्हणूनच पुरत नाही.

सिम्युलेशन आणि वास्तव यांतली तफावत बहुतेक वेळा पुढच्या जागी सापडते:

- सीमा: मॉडेलमध्ये एका कडेने बाहेर पडलेला बिंदू समोरच्या कडेने आत येतो. खऱ्या रिंगणात भिंत असते आणि रोबॉट तिच्याशी गोळा होतात. सिम्युलेशनमध्ये भिंत घाला.
- वेळ: मॉडेलमध्ये सगळे एकाच क्षणी निर्णय घेतात. खरे रोबॉट घेत नाहीत. प्रत्येक पायरीत निर्णयांचा क्रम बदलून बघा. निकाल त्याने बदलला तर तो प्रत्यक्षात टिकणार नाही.
- गर्दी: दोन रोबॉटांत न हरवणारे संदेश दहा जण एकदम बोलू लागले की हरवतात.

पॅरामीटरच्या प्रत्येक संचासाठी किमान ३० वेगळे सीड चालवा आणि सरासरीच्या आधी विखुरणं बघा. निम्म्या फेऱ्या ०.९५ वर आणि निम्म्या ०.२० वर असतील तर सरासरी ०.५८ येते, आणि तसं वर्तन एकाही फेरीत घडलेलं नसतं. पॅरामीटर ज्या सीडवर जुळवले, अंतिम चाचणी त्यांवर घेऊ नका.

तपासणी: हार्डवेअरकडे जाण्याआधी अंदाज आकड्यांत लिहा आणि त्यावर तारीख टाका: ३० सेंमीला किती फेऱ्या यशस्वी होतील, ६० सेंमीला किती.

## टप्पा ७: एक रोबॉट, तीन रोबॉट, मग वीस

एक. प्रत्येक रोबॉट सरळ १ मीटर चालवा, दहा वेळा, आणि सरळ रेषेपासून किती बाजूला सरकतो ते मोजा. डावं-उजवं चाक सारखं नसतंच. हा फरक भरून काढणारं कॅलिब्रेशन प्रत्येक रोबॉटचं वेगळं करायचं. एकाचे आकडे सगळ्यांना लावले तर थवा हळूहळू एका बाजूला वळत राहतो आणि तेच "सामूहिक वर्तन" वाटू लागतं.

तीन. आता संदेश तपासा. इथेच या विषयातली सगळ्यात फसवी चूक पकडायची असते. सगळ्यांत एकच प्रोग्राम भरलेला असतो आणि रँडम आकड्यांचं सीडही एकच. चालू केल्यावर सगळे रोबॉट एकाच क्षणी तेच "यादृच्छिक" वळण घेतात. समन्वय अप्रतिम दिसतो आणि संवादाशी त्याचा काहीही संबंध नसतो. सीड रोबॉटच्या क्रमांकावरून आणि सेन्सरच्या नॉइजवरून बनवा. तुलना "अ" नीट घेतली असेल तर ही चूक तिथे लगेच दिसते.

वीस. खोलीची तयारी करा: खिडक्या झाका, कारण सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड सेन्सर आंधळे होतात. जमीन पाणसळ लावून तपासा. वर कॅमेरा लावून त्याच्या भिंगाची विकृती दुरुस्त करा आणि प्रत्येक रोबॉटवर एप्रिलटॅग किंवा अरुकोसारखी, कॅमेऱ्याला ओळखता येणारी छापील खूण चिकटवा. सेकंदाला १० चित्रं पुरतात. या वेगाने रोबॉट दोन चित्रांमध्ये १ सेंमी सरकतो. खूण हरवली तर ती जागा रिकामी ठेवा. अंदाजाने भरली की दोन रोबॉटांच्या ओळखी अदलाबदल होतात.

मुख्य आणि तुलनेच्या फेऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सकाळी सगळ्या मुख्य आणि दुपारी सगळ्या तुलनेच्या घेतल्या, तर फरक संवादाचा की उतरलेल्या बॅटरीचा हे कधीच सांगता येणार नाही. रोबॉटांची सुरुवातीची मांडणीही यादृच्छिक हवी. हाताने ठेवताना माणूस नकळत त्यांची तोंडं एकीकडे करतो.

मधेच बंद पडलेल्या रोबॉटचं काय करायचं ते आधीच ठरवा. उदाहरणार्थ, एक बंद पडला तर फेरी चालू ठेवायची, दोन पडले तर रद्द. रद्द फेऱ्यांची संख्या कारणासह नोंदवा.

फेरीच्या लांबीचा अंदाज सिम्युलेशनवरून घ्या आणि बॅटरीशी ताडून पाहा. २०१४ मध्ये हार्वर्डच्या १,०२४ किलोबॉटांना एक आकार बनवायला सुमारे १२ तास लागले होते. थव्याचा वेग एकट्या रोबॉटच्या वेगावरून ताडता येत नाही.

स्वतःचे २० रोबॉट नसतील तर जॉर्जिया टेकच्या रोबोटेरियमसारख्या सुविधेवर दूरवरून कोड चालवण्याचा पर्याय आहे. तिथे सगळ्यांची स्थानं केंद्रीय यंत्रणेकडून मिळतात, त्यामुळे "फक्त शेजाऱ्यांचंच बघायचं" हे बंधन कोडमध्ये तुम्हालाच घालावं लागतं.

## टप्पा ८: विश्लेषण

फेरी हा एक नमुना, रोबॉट नव्हे. एका फेरीतले २० रोबॉट एकमेकांवर प्रभाव टाकत असतात, म्हणून ते २० स्वतंत्र नमुने होत नाहीत. एका फेरीतली ६,००० चित्रंही ६,००० नमुने नाहीत. ही चूक स्यूडोरेप्लिकेशन म्हणून ओळखली जाते. हर्लबर्टने १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबाबत ती सविस्तर मांडली. थव्यांच्या कामात ती केली की कोणताही फरक "लक्षणीय" ठरतो.

सुरुवातीचा, थवा स्थिरावण्याआधीचा काळ वगळायचा असेल तर किती सेकंद ते सिम्युलेशनवरून आधी ठरवा. प्रत्येक फेरीची रेषा आलेखात वेगळी दाखवा आणि त्यातच योगायोगाची ०.२० ची रेषा आडवी मारा.

सिम्युलेशन आणि वास्तव जुळलं नाही तर या क्रमाने शोधा: हरवलेले संदेश, उशीर, सेन्सरचा नॉइज, भिंत, आणि सगळ्यात शेवटी नियम. सिम्युलेशनचे आकडे बदलून ते जुन्या फेऱ्यांशी जुळवलं, तर त्याची परीक्षा नव्या फेऱ्यांवर घ्या.

दावा थव्याच्या आकारापुरता ठेवा. व्हिचेक मॉडेलमध्ये गोंधळाकडून एकदिशेकडे होणारा बदल सुरुवातीला सलग, म्हणजे हळूहळू होणारा, मानला गेला होता. ग्रेगुआर आणि शाते यांनी २००४ मध्ये बरेच मोठे थवे चालवले, तेव्हा तो झेप घेणारा, म्हणजे एकदम होणारा, निघाला. नुसत्या आकारामुळे बदलाचं स्वरूपच वेगळं दिसलं. २० रोबॉटांवरून हजारांबद्दल लिहायचं असेल तर मधल्या आकारांची सिम्युलेशन दाखवावीच लागतील.

शेवटची तपासणी: प्रयोगाच्या वेळी खोलीत नसलेल्या सहकाऱ्याला कोड, सीड, कॅमेऱ्याचा मूळ डेटा आणि नोंदवही द्या, रद्द फेऱ्या आणि निरर्थक मजकुराच्या फेऱ्या त्यात हव्यातच. तुमची मदत न घेता मुख्य आलेख पुन्हा काढायला सांगा. जिथे तो अडून प्रश्न विचारेल, ती प्रत्येक जागा अहवालात लिहायची राहिलेली आहे.